ठाणे कोणाच्या ताब्यात?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला राजरस्ता नीरा नदी ओलांडताच ज्या गावात शिरतो, त्या शिरवळचे महत्त्व प्राचीन काळापासून वाटेवरील त्याच्या जागेमुळे आहे. उत्तरेस नदीचा उतार, दक्षिणेस खंबाटकीचा घाट आणि पश्चिमेस मावळातील खोऱ्यांची तोंडे, अशा ठिकाणी आदिलशाहीने ठाणे बसवावे व नीरेच्या काठी सुभानमंगळाचा भुईकोट राखावा, हे स्वाभाविकच होते. १६४८ साली आदिलशाही सरदार फत्तेखानाच्या स्वारीत बाळाजी हैबतरावाने शिवाजी महाराजांकडून हा कोट घेतला आणि महाराजांनी पाठविलेल्या कावजी मल्हाराच्या तुकडीने तो लढून परत मिळविला. एवढ्याशा कोटासाठी रक्त सांडले, कारण ज्याच्या हाती ठाणे त्याच्या हाती वाट.

त्याच शिरवळच्या परिसरात आता औद्योगिक वसाहत उभी आहे, आणि कारखान्यांची मागणीपत्रे, साठ्याचे हिशेब व कामगारांची हजेरी ज्या संगणकजालातून आज वाहतात त्यालाही ठाण्याची गरज असते. बाहेरून आलेल्या प्रत्येक विनंतीने प्रथम एकाच ज्ञात दाराशी यावे, तेथे तिची चौकशी व्हावी आणि मग आतील अनेक यंत्रांपैकी योग्य यंत्राकडे तिची रवानगी व्हावी, ही वहिवाट सांभाळणाऱ्या आज्ञावलीस प्रॉक्सी म्हणतात. आणि कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यांत चालणारी कामे कोणत्या यंत्रावर तैनात करावीत, एखादे बंद पडल्यास त्याच्या जागी दुसरे केव्हा उभे करावे, हा बंदोबस्त पाहणाऱ्या कारभाऱ्यास ऑर्केस्ट्रेटर. या दोन्ही कामांची उत्तमोत्तम साधने मुक्तस्रोत, म्हणजे कोणीही वाचावीत, वापरावीत, सुधारावीत अशी आहेत. त्यांची तुलना बहुधा गती व गुण यांवरून होते. मला मात्र त्यांचा ताबा कोणाकडे राहिला, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

प्रॉक्सीची परंपरा १९९० च्या दशकातील; जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतील सर्व्हरने व १९९६ च्या स्क्विडने ती रूढ केली. २००१ मध्ये फ्रान्सच्या विली तारो यांचे एचएप्रॉक्सी आले, आणि आजही त्याच गृहस्थांच्या देखरेखीखाली ते विनंत्यांची वाटणी इतक्या शांत सचोटीने करीत आहे की त्याच्याविषयी बातमीच होत नाही.

एन्जिनएक्सची कथा निराळी. एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न १९९९ पासून जाणत्यांना छळत होता. प्रत्येक जोडणीस स्वतंत्र सेवक न नेमता मोजक्याच सेवकांनी सर्वांकडे आळीपाळीने लक्ष पुरवावे, या तत्त्वावर मॉस्कोच्या रॅम्बलर कंपनीत नोकरीस असलेल्या इगोर सिसोएव्ह यांनी हे साधन रचले आणि २००४ मध्ये ते जगास मोकळे केले. पुढे त्यांनी कंपनी काढली; २०१९ मध्ये ती अमेरिकेच्या एफ-फाइव्ह कंपनीने ६७ कोटी डॉलरला घेतली; आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नोकरीच्या काळातील कृती आमच्याच मालकीची असा रॅम्बलरचा दावा पुढे येऊन मॉस्कोतील कचेरीवर पोलिसांची धाड पडली. फौजदारी तक्रारीचा आग्रह रॅम्बलरने लवकरच सोडला, तरी २०२४ मध्ये मॅक्सिम दुनिन या जुन्या कर्त्याने मालक कंपनीशी मतभेद होऊन फ्रीएन्जिनएक्स नावाची वेगळी शाखा काढली. इतक्या उपयुक्त कृतीच्या वाट्याला वारसाचा हा तंटा यावा, याचे मला मनापासून दुःख होते.

कंटेनरांचा कारभार याहून अर्वाचीन. २०१३ मध्ये डॉकरने कंटेनर सर्वांच्या आवाक्यात आणले. आणि गूगलने आपल्या बोर्ग या खासगी व्यवस्थेच्या अनुभवावरून २०१४ मध्ये कुबरनेटिस प्रकट केले व वर्षभराने पहिल्या परिपूर्ण आवृत्तीबरोबर ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील नव्या संस्थेच्या स्वाधीन केले. डॉकरचे स्वार्म शिकण्यास कितीतरी सोपे होते, हॅशिकॉर्पचे नोमॅड एकाच आटोपशीर आज्ञावलीत सामावणारे व कंटेनरांवाचूनच्या कामांसही चालणारे होते. तरीही प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपले मनुष्यबळ कुबरनेटिसवर खर्चिले, याचे मोठे कारण त्याची सनद कोणा एकाच्या नावे नव्हती, हेच मला दिसते. नोमॅडचा परवाना २०२३ मध्ये मालकाच्या एका निर्णयाने बदलला आणि ते मुक्तस्रोत राहिले नाही. कुबरनेटिसची ताकद पाहायची तर, २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या हॉटस्टारने एकाच क्षणी ५.९ कोटी प्रेक्षकांचा भार पेलला तो त्याच्याच आधारे.

या कारभारात कंटेनरांचे पत्ते क्षणोक्षणी बदलतात, म्हणून दारावरचे साधनही न थांबता नवी माहिती ग्रहण करणारे लागले. लिफ्ट कंपनीने २०१६ मध्ये मोकळे केलेले एन्व्हॉय त्यासाठीच रचलेले; तेही पुढे कुबरनेटिसच्याच संस्थेकडे सुपूर्द झाले. ट्रेफिक कंटेनरांवरील खुणा स्वतः वाचून मार्ग आखते, तर कॅडी सुरक्षिततेचे प्रमाणपत्र आपण होऊन मिळविते.

शिरवळच्या एखाद्या मध्यम कारखान्याने मात्र मोठ्यांचे अनुकरण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका यंत्रावर भागत असेल तर डॉकर व कॅडी पुरे. दोन-चार यंत्रे झाली तर के-थ्री-एस हे २०१९ चे कुबरनेटिसचे आटोपशीर रूप घ्यावे. संपूर्ण कुबरनेटिसची उस्तवार करण्यास जाणती माणसे लागतात, आणि लहान ठिकाणी ती टिकवून धरणे हेच सर्वांत कठीण.

सार्वजनिक ताब्यासही माणसांची जोड लागते. कुबरनेटिसच्या दारावर एन्जिनएक्स बसविणारा इन्ग्रेस-एन्जिनएक्स हा प्रकल्प असंख्य ठिकाणी वापरात असूनही वर्षानुवर्षे एक-दोन व्यक्ती आपल्या फुरसतीच्या वेळात तो सांभाळीत होत्या. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या निवृत्तीची घोषणा झाली आणि मार्च २०२६ ही देखभालीची शेवटची मुदत ठरली. त्यावर विसंबलेल्यांस गेटवे एपीआय या नव्या पद्धतीकडे वळण्याचा सल्ला देण्यात आला.