छोट्या मोटारीचे त्वरण

छोट्या मोटारीचे त्वरण म्हणजे लहान आकाराच्या प्रवासी मोटारीचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते प्रमाण होय. शास्त्रात ते मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात. व्यवहारात मात्र ताशी ० ते १०० किलोमीटर वेग गाठण्यास लागणारा वेळ सांगण्याची प्रथा आहे. हा आकडा बहुधा सपाट, कोरड्या रस्त्यावर धावणाऱ्या, जवळजवळ रिकाम्या गाडीचा असतो. कल्याणहून मुरबाडमार्गे पाच माणसे घेऊन माळशेज घाट चढणाऱ्या गाडीस तो लागू पडत नाही.

भारतात २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० घन सेंटिमीटरपर्यंत पेट्रोल किंवा १,५०० पर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांना करसवलत मिळाली. त्यामुळे इंजिनाचा आकार या मर्यादेत ठेवण्याकडे उत्पादकांचा कल वाढला.

चाकांवरील बल

न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार त्वरण हे निव्वळ बलाला वस्तुमानाने भागून मिळते. इंजिनाचे परिबल (टॉर्क) गिअरमुळे अनेक पटींनी वाढून चाकांपर्यंत पोहोचते. ११० न्यूटन-मीटर परिबल, पहिल्या गिअरमधील एकूण १४ पट गुणोत्तर आणि २८ सेंटिमीटर त्रिज्येचे चाक धरल्यास, यंत्रणेतील दहा टक्के घट वजा जाता रस्त्यावर सुमारे ५,००० न्यूटन बल मिळते. तिसऱ्या गिअरमध्ये, ५.३ पट गुणोत्तर असता, तेच बल सुमारे १,८७० न्यूटन उरते. गिअर खाली घेतल्यावर गाडी जोर धरते, त्याचे कारण हेच.

डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर अधिक परिबल देते. परंतु ते जड असते आणि त्याची फेऱ्यांची मर्यादाही कमी असते. १९९० च्या दशकात कल्याण येथील प्रीमियरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्यूजो ३०९ पेट्रोल व डिझेल अशा दोन्ही इंजिनांत मिळत असे. त्याआधीची प्रीमियर पद्मिनी १,०८९ घन सेंटिमीटरची, चार गिअरची होती. आजच्या मापाने ती संथच म्हणावी लागेल. सीएनजीवर इंजिनात शिरणाऱ्या हवेची काही जागा वायूच घेतो, म्हणून शक्ती साधारण दहा टक्के घटते. शिवाय टाकीचे वजन वाढते ते वेगळेच.

घर्षणाची मर्यादा

बल कितीही असले तरी टायर जितके पेलतील तितकेच उपयोगी पडते. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची चाके ओढतात. १,००० किलोग्रॅमच्या गाडीचा ६० टक्के भार पुढे असल्यास कोरड्या रस्त्यावर सुमारे ४,७०० न्यूटन, तर ओल्या रस्त्यावर सुमारे ३,००० न्यूटन बलच टिकते. गाडी झेपावताना भार मागे सरकतो, त्यामुळे ही मर्यादा आणखी खाली येते. पावसाळ्यात सिग्नल सुटताच चाके जागीच फिरतात ती यामुळे.

ओझे आणि चढ

वरील गाडी चालकासह १,००० किलोग्रॅमची धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाला टायरांचा व हवेचा रोध मिळून सुमारे २३० न्यूटन असतो. म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये तिचे त्वरण सुमारे १.६ भरते आणि ताशी ५० वरून ७० पर्यंत जाण्यास साडेतीन सेकंद पुरतात. आणखी चार माणसे व सामान मिळून ३५० किलोग्रॅम वाढले की त्वरण १.२ वर येते. त्यात २० मीटरला १ मीटर असा चढ लागला, तर गुरुत्वाकर्षण त्यातून आणखी ०.५ वजा करते.

आता त्याच वेगवाढीला आठ सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी सुमारे १३० मीटर पुढे जाते आणि समोरून त्याच वेगाने येणारे वाहन तितकेच जवळ येते. रिकाम्या गाडीच्या सवयीने दुपदरी घाटरस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडू पाहणाऱ्याचा अंदाज चुकतो तो या ठिकाणी. वातानुकूलन यंत्र चालू असल्यास इंजिनाची काही शक्ती तिकडेही जाते. लहान इंजिनाच्या गाडीत हा फरक अधिक जाणवतो.