काळूच्या गाळातला पारा

ठाण्यातल्या वागळे इस्टेटपासून 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार सुरू झाला. कारखान्यांची रीघ मात्र त्याआधीच कल्याणपलीकडे पोचली होती. आंबिवली-मोहने भागात काळू नदीकाठी रेयॉन तयार होत होते.

रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो. त्या काळी मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तो काढताना पारा वापरत. त्यातला थोडा पारा सांडपाण्याबरोबर निसटे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काळूच्या गाळात पारा सापडला, तेव्हा अभ्यासकांना जपान आठवला.

तिथल्या मिनामाता शहरात 1956 साली एका अनोळखी आजाराची अधिकृत नोंद झाली होती. बोटे बधिर होत, चाल अडखळे, नजर आकसत जाई. आई धडधाकट दिसे, पण पोटातल्या बाळाचा मेंदू जायबंदी होई. कारण कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथाइल पारा. गाळातले जिवाणूही साध्या पाऱ्यापासून असाच पारा बनवतात. तो किड्यांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत साठत जातो. पाणी नितळ दिसले तरी ताटातला मासा सुरक्षित असेलच असे नाही. हे सगळ्यात आधी कळायला हवे होते ते रोज मासे खाणाऱ्या नदीकाठच्या घरांना.

काळू पुढे उल्हास नदीला मिळते, उल्हास ठाण्याकडे येते.

पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार भारताने 2018 साली मंजूर केला. पण पारा नष्ट होत नाही. गाळ उपसला किंवा पुराने ढवळला, की तळात बसलेले जुने विष पुन्हा पाण्यात येऊ शकते.