शेवटचा 'स'

८ जुलै १८९७. सोलच्या जोंगदोंग वस्तीत तुम्ही गर्दीबरोबर पुढे सरकताय. एका अंगाला राजवाड्याची भिंत, आसपास परदेशी वकिलातींची आवारं. राजा गोजोंग यंदाच्या फेब्रुवारीपर्यंत यातल्याच रशियन वकिलातीत आश्रयाला होता. स्वतःच्या राजधानीत वर्षभर परक्याच्या छपराखाली! ज्या देशावर अशी वेळ आली, त्या देशातली पोरं आज शाळेच्या समारंभात काय बोलणार, ते ऐकायला तुम्ही आलाय.

समारंभ नव्या चर्चमध्ये आहे. लाल विटांची ही इमारत अजून पुरती झालेली नाही. अर्पणविधी डिसेंबरात व्हायचाय. भिंतीलगत जेमतेम उभं राहण्यापुरती जागा मिळते. मंत्री आलेत, परदेशी वकील आलेत आणि मागे शेकडो माणसं. गोऱ्यांनी आत येताच हॅट काढल्या. कोरियन मंडळी मात्र डोक्यावरची टोपी सभेतही उतरवत नाहीत. तुमच्या पुढ्यातल्या माणसाची टोपी इतकी जवळ आहे की घोड्याच्या केसांच्या त्या काळ्या जाळीतून आतला बुचडा दिसतो. गच्च आवळलेला, एकही बट सुटलेली नाही. पुढच्या रांगांत बसलेल्या पोरांपैकी काहींनी तो कापून टाकलाय. या गावात बापलेकांचं बिनसायला एवढं पुरतं.

पुढे पाठमोरे दिसतात ते हेन्री ॲपेन्झेलर. वय ३९. अमेरिकेतून निघून १८८५ च्या ईस्टरला ते चेमुल्पो बंदरात उतरले आणि त्याच ऑगस्टमध्ये दोन विद्यार्थ्यांवर शाळा सुरू केली. पुढच्या वर्षी राजानं तिला नाव दिलं, बेजे हाकदांग. कर्तबगार माणसं घडवणारी शाळा. इंग्रजी कशाला शिकायची, असं पोरांना विचारलं तर तेव्हा ठरलेलं उत्तर यायचं: पद मिळवायला. चार वाक्यं जमली की पोरगा दुभाषा व्हायचा आणि शाळेला रामराम ठोकायचा. भाकरीसाठी भाषा शिकणाऱ्याला नावं ठेवावीत असं मला कधी वाटलं नाही. पण शिकवणाऱ्याच्या जिवाला ते लागत असणारच.

मग १८९४ मध्ये अधिकारी निवडण्याची जुनी परीक्षा बंद झाली. चिनी ग्रंथ पाठ करत ज्यांची जवानी गेली होती, त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यातलाच एक आता मंचाकडे निघालाय. सिंगमन री, वय २२. त्या परीक्षेत पुनःपुन्हा नापास झालेला. तोही इथे आला तो इंग्रजीसाठीच.

पण दरम्यान शाळेत आणखी एक शिक्षक आला होता, सो जे-पिल. १८८४ चा उठाव फसल्यावर देशोधडीला लागलेला, अमेरिकेत डॉक्टर झालेला, तिथलंच नागरिकत्व घेऊन परतलेला. म्हणजे जन्मानं इथला आणि कागदोपत्री परदेशी. त्यानं गेल्या वर्षी पोरांची वादसभा उभी केली. हात वर करून बोलण्याची परवानगी मागायची, ठराव मांडायचा, त्याला अनुमोदन घ्यायचं, विरोधकाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालून गप्प बसायला शिकलेल्या मुलांना हे सारं शिकवायचं होतं! मला विचाराल तर व्याकरणापेक्षा हा धडा मोठा.

री उभा राहतो. भाषण इंग्रजीत आहे, विषय 'कोरियाचं स्वातंत्र्य'. इथे बसलेल्या बहुतेकांच्या मनात स्वातंत्र्य म्हणजे चीनच्या वर्चस्वातून सुटका. दोन वर्षांपूर्वीच ती तहात लिहिली गेली. चिनी दूतांच्या स्वागताची जुनी कमान जिथे होती, तिथे आता स्वातंत्र्याची कमान उभी राहतेय. तिची पायाभरणी झाली तेव्हा याच शाळेची पोरं गायली होती. एका कोरियन तरुणानं राजाच्या मंत्र्यांसमोर आणि परदेशी वकिलांसमोर, त्यांना दुभाष्याविना कळेल अशा भाषेत हे बोलावं, यातच सगळं आलं. पद मिळवून देणारी भाषा आज भलत्याच कामी लागलीय. ॲपेन्झेलरांचा चेहरा बघावा म्हणून तुम्ही मान वाकडी करता. शिष्याच्या वाक्याबरोबर त्यांचे ओठ हलताहेत का? मागून दिसत नाही.

टाळ्या होतात. पुढचं ठाऊक असलेले इथे तुम्ही एकटेच. अठरा महिन्यांत हा पोरगा तुरुंगात जाईल आणि १९०४ पर्यंत तिथेच राहील. १९०२ च्या जूनमध्ये ॲपेन्झेलर बोट बुडून जातील. १९१० मध्ये जपान हा देश गिळेल. १९४८ मध्ये री दक्षिण कोरियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष होईल, खुर्चीला चिकटून बसेल, आणि १९६० मध्ये त्याला खाली खेचायला रस्त्यावर उतरतील ते विद्यार्थीच. गुरुजींना निदान त्या बोटीचं तरी सांगावं म्हणून तुम्ही पुढे सरसावता. गर्दी तुम्हाला दाराबाहेर ढकलते.

बाहेर खालच्या वर्गातली दोन पोरं विटांच्या ढिगाऱ्यावर बसलीत. धाकटा आत ऐकलेला शब्द जुळवतोय. 'इन्-दि-पेन्-दन्-सु.' मोठा मान हलवतो. शेवटचा 'सु' नको, नुसता 'स' हवा. धाकटा दात आवळून पुन्हा म्हणतो. पुन्हा 'सु'च. मोठा स्वतः म्हणून दाखवतो, आणि दोघं पहिल्यापासून सुरुवात करतात.