कान्होपात्रेची तरटी किती जुनी?

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या आवारात, दक्षिणेकडे, संत कान्होपात्रेची तरटी नावाचं झाड दाखवतात. संत नामदेवांची समाधी पायरीशी, चोखोबांची महाद्वारासमोर. आवाराच्या आत समाधी लाभली ती एकट्या कान्होपात्रेला. तिच्या समाधीवरचं हे झाड पाचशे वर्षांचं, असं सर्रास छापलं जातं. त्याला आधार काय?

झाडालाच विचारायचं तर खोडाची वलयं मोजावी लागतात. पूजेतल्या झाडाला भोक कोण पाडू देईल? शिवाय गाभा पोकळ झाला की वलयंही जातात. युरोपात चर्चच्या आवारांतल्या यू वृक्षांची हीच गत आहे. स्कॉटलंडमधल्या फॉर्टिंगॉलच्या यूचं वय कोणी दोन हजार वर्षं सांगतं, कोणी पाच हजार. डेन्स बॅरिंग्टनने १७६९ साली त्याचा घेर ५२ फूट नोंदवला, तेवढी नोंद मात्र हाती आहे.

तरटीसाठीही लिखित नोंदींकडेच वळावं लागतं. देवळातला १२३७चा होयसळ राजा सोमेश्वराचा शिलालेख आणि १२७३ ते १२७७ मधला ‘चौऱ्यांशीचा’ म्हणून ओळखला जाणारा शिलालेख, दोन्ही रूढ कालगणनेप्रमाणे तिच्या आधीचे. तिचे थोडे अभंग उरले आहेत. पण झाड उगवलं ते तिच्या देहान्तानंतर, तेव्हा तेही साक्षीला येत नाहीत.

राहतो संतचरित्रकार महिपतींचा ‘भक्तविजय’, १७६२ सालचा. त्यात कान्होपात्रा ही मंगळवेढ्याच्या नायकिणीची मुलगी. बेदरच्या पातशहाने तिला बोलावणं धाडलं, तिने विठ्ठलापाशीच प्राण सोडला, देह दक्षिणेला पुरला आणि तिथे तरटी उगवली, अशी कथा. अभ्यासकांनी तिच्या मृत्यूची सालं १४२८पासून १४८०पर्यंत सुचवली आहेत, त्यांतली काही या ‘बेदर’वरून. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बेदरला गेली ती १४३०च्या आगेमागे, म्हणून घटना त्या सुमाराची, असा हा तर्क.

मला तो लंगडा वाटतो. बहमनींनंतर बेदरला बरीदशाही होती, तीही १६१९पर्यंत. शिवाय याच ग्रंथात मंगळवेढ्याच्याच संत दामाजीपंतांच्या कथेतही बेदरचाच पातशहा येतो, म्हणजे तो कथेतला ठरीव साचाही असू शकतो. पंधरावं शतक धरलं तर महिपती तीनेकशे वर्षांनी लिहीत होते. आधार म्हणून ते नाभाजी आणि उद्धवचिद्घन या चरित्रकारांची नावं घेतात. सरकारी दप्तर त्यांच्यापुढे नव्हतं. त्यांना भक्ताचा महिमा सांगायचा होता, साल ठरवायचं नव्हतं. त्यांच्या ‘बेदर’मधून साल पिळून काढणं हा आपला हव्यास.

तेव्हा कागदावरून म्हणता येतं ते एवढंच: समाधीवर तरटी उगवल्याची परंपरा अडीचशेहून अधिक वर्षं लिखित आहे. आज दाखवतात ते खोड तेच, याला ‘भक्तविजय’ पुरावा होत नाही. मार्गदर्शिका छापणाऱ्यांनी पाचशे वर्षांच्या आकड्याआधी ‘परंपरेनुसार’ एवढा एक शब्द जोडावा.