गुरूचे ऋण आणि गुरूचे कर्ज

गेल्या पावसाळ्यात फोंडा तालुक्यातील एका देवस्थानचा एक लहानसा कज्जा सल्ल्यासाठी माझ्याकडे आला. देवळाच्या अग्रशाळेत पस्तीस वर्षे एक गायनवर्ग चालत असे. वर्ग चालविणारे मास्तर वारले आणि मागे राहिले ते दोन तंबोरे, एक हार्मोनियम, तबल्याचा एक जोड, एक फळा आणि परीक्षांच्या निकालपत्रकांचे एक बाड. मुलगे म्हणत की ही वाद्ये आमच्या वडिलांची. देवस्थान समिती म्हणे की जागा आमची, दिवाबत्ती आमची, आणि त्यांतला एक तंबोरा तर एका महाजनाने देवीलाच अर्पण केलेला. या दोन पक्षांच्या मागे, ज्यांना कोणी पक्षकार मानलेच नव्हते अशा, शिकणाऱ्या मुलींच्या आया दाराशी उभ्या होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, "मास्तर गेले, पूण वर्ग उरलो न्हय?"

वकिलाची सवय अशी की प्रथम कागद पाहावे. येथे कागदच नव्हते. करार नाही, भाडेचिठ्ठी नाही, देवस्थानच्या जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत तंबोऱ्याचा उल्लेख नाही. जे काही छापील होते ते निकालपत्रकांवरील एका संस्थेचे नाव: अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. मास्तर आपल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी या मंडळाच्या परीक्षांना बसवीत. प्रस्तुत लेखकही लहानपणी अशाच एका वर्गातून 'प्रारंभिक' उत्तीर्ण झाला व तेथेच थांबला. परंतु हे मंडळ म्हणजे काय, ते कोणी आणि कशासाठी स्थापिले, हा प्रश्न त्याला तोपर्यंत कधी पडला नव्हता. कज्जाच्या निमित्ताने तो पडला, आणि शोध घेता घेता असे दिसून आले की आमच्या अग्रशाळेतले भांडण हे या मंडळाच्या जन्मकथेचीच एक लहानशी आवृत्ती आहे.

ही कथा गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर यांच्यापासून सुरू होते. 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडास त्यांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा भडका होऊन मुलाची दृष्टी अधू झाली, शाळेचा मार्ग खुंटला, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्याची वाट उघडली. हे बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे पुरुष; ती विद्या त्यांनी पायपीट करून, गुरुगृही पाणी भरून आणि उपाशी राहून मिळविली होती. त्या काळी विद्येची किंमत पैशात नव्हे, आयुष्याच्या वर्षांत मोजली जात असे. गुरू प्रसन्न झाला तर देईल, न झाला तर विद्या त्याच्याबरोबर चितेवर जाईल, याबद्दल दाद मागण्यास न्यायालय नव्हते.

विष्णुबुवांनी 1896 मध्ये मिरज सोडली ती या व्यवहाराचे स्वरूपच पालटण्याच्या ईर्षेने. फिरत फिरत ते लाहोरास पोहोचले व 5 मे 1901 रोजी तेथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. आपल्या बडोद्याच्या वाचकांच्या मनात येथे एक आक्षेप उभा राहील. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली मौलाबक्षांची गायनशाळा 1886 पासूनच चालू होती, हे खरे आहे. परंतु ती दरबारची शाळा होती. लाहोरास ना दरबार, ना मराठी वस्तीचा आधार. सामान्य लोकांच्या फीवर आणि देणग्यांवर चालणारे गायनाचे विद्यालय ही तेव्हा नवलाची गोष्ट होती, आणि आरंभीचे काही दिवस विद्यार्थी न आल्यामुळे बुवा स्वतःच तंबोरा घेऊन रिकाम्या वर्गात गात बसत, असे सांगतात.

या विद्यालयाचा खरा पाया होता 'उपदेशक वर्ग'. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढचे सारे यातून निघाले. गरीब घरांतील होतकरू मुलांना बुवा आपल्याजवळ ठेवीत. जेवणखाण, कपडे, विद्या, सर्व विनामूल्य. त्याच्या मोबदल्यात मुलाने नऊ वर्षे विद्यालयात राहून शिकावे व शिकवावे, असा लेखी करार. घराण्याच्या परंपरेत जी गोष्ट गुरूच्या मर्जीवर होती ती प्रथमच कागदावर आली. कायद्याच्या दृष्टीने हा कागद फारच दुबळा होता, ही गोष्ट निराळी! ज्या वर्षी विष्णुबुवा जन्मले त्याच 1872 सालचा आपला करार कायदा. आणि अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य होय, असा प्रिव्ही कौन्सिलचा सुप्रसिद्ध निवाडा 1903 चा. उद्या एखादा मुलगा पळून गेला असता तर बुवांना त्याला कोर्टामार्फत परत आणता आले नसते. सज्ञान माणसालाही व्यक्तिगत सेवेच्या कराराने कोणी बांधून ठेवू शकत नाही. तरीही तो कागद टिकला, कारण त्यामागे बुवांची कडक शिस्त आणि मुलांची निष्ठा होती. गुरुपरंपरेने जे दिले तेच हे. फक्त आता त्याला मुदत होती.

1908 मध्ये बुवा मुंबईस आले. मुंबईचे विद्यालय लाहोरापेक्षा पुष्कळ मोठे झाले. स्वतःची इमारत, छापखाना, वाद्ये तयार करण्याचा कारखाना, मुलींचे वर्ग, असा तो संसार होता. तो कर्जावर उभा होता. बुवा जलसे करून पैसा आणीत व कर्जाच्या तोंडात घालीत. परंतु मुद्दल हटेना. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ती इमारत लिलावात गेली. बुवा तोपर्यंत नाशिकच्या आपल्या रामनाम आधार आश्रमात रमू लागले होते, आणि वृत्तीने संन्याशासारखे झाले होते. त्यांना या आघाताचे किती दुःख झाले हे त्यांचे त्यांना ठाऊक. त्यांच्या शिष्यांना मात्र ते पुरते झाले.

मला या घटनेत एक गोष्ट ठळक दिसते. विद्यालय आणि विष्णुबुवा हे लोकांच्या दृष्टीने एकच होते. देणगी बुवांना म्हणून येई, कर्ज बुवांना म्हणून मिळे, आणि म्हणूनच बुवा थकले तेव्हा विद्यालयही थकले. एका असामान्य पुरुषाच्या खांद्यावर उभ्या असलेल्या संस्थेचे सामर्थ्य आणि दौर्बल्य एकाच ठिकाणी असते. आपल्या देवळांच्या उत्सवांत, नाट्यमंडळांत, वाचनालयांत हे आपण किती वेळा पाहिले आहे!

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस विष्णुबुवांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य अहमदाबादेत एकत्र जमले व त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. हे शिष्य म्हणजे हिंदुस्थानभर विखुरलेले गायनशिक्षक होते. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात प्रार्थनासंगीत सांभाळीत होते व 1930 च्या दांडीयात्रेत चालले होते. बा. र. देवधर यांनी मुंबईत 1925 मध्येच आपली शाळा काढली होती. शंकरराव व्यास अहमदाबादेत, शंकरराव बोडस कानपुरात शिकवीत होते. विनायकराव पटवर्धन त्या सुमारास गंधर्व नाटक मंडळीत नायकाच्या भूमिका करीत. रंगभूमीचा तो मानमरातब सोडून त्यांनी मे 1932 मध्ये पुण्यास गांधर्व महाविद्यालय उघडले. ओंकारनाथ ठाकुरांसारखा तेजस्वी गवई याच उपदेशक वर्गातला. ते पुढे 1950 मध्ये काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले.

या मंडळींनी गुरूचे ऋण कसे फेडले याचे एक उदाहरण सर्वांच्या माहितीचे आहे. बुवांचा मुलगा दत्तात्रेय वडिलांच्या मृत्यूच्या वेळी अवघा दहा वर्षांचा होता. त्याला विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांनी शिकविले; तेच पुढे द. वि. पलुसकर म्हणून अखिल देशात गाजले आणि 1955 मध्ये, चौतिसाव्या वर्षीच, आपल्याला सोडून गेले. बापाने शिष्यांना जे दिले ते शिष्यांनी मुलाला परत केले.

परंतु मंडळाचे काम याहून वेगळे आणि अधिक रुक्ष होते. शिष्यांनी गुरूची इमारत सोडवून घेण्याचा ध्यास घेतला नाही. त्यांनी ठरविले ते एवढेच की प्रत्येकाने आपापली शाळा आपल्या जबाबदारीवर चालवावी, पण अभ्यासक्रम सर्वांचा एक असावा, परीक्षा एक असावी, आणि शिकविणाराने आपल्याच विद्यार्थ्याला प्रमाणपत्र देऊ नये. परीक्षक बाहेरून यावा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही जी चढती श्रेणी आज खेडोपाडी ऐकू येते ती याच व्यवस्थेची. एखादी शाळा बुडाली तर तेवढीच बुडावी, तिचा विद्यार्थी दुसऱ्या गावी दुसऱ्या शिक्षकाकडे पुढच्या पायरीवर जाऊन उभा राहू शकावा, अशी ही योजना आहे. तिच्यामागे मुंबईच्या लिलावाची आठवण नसेल, असे मला वाटत नाही.

1947 पासून मंडळाचे 'संगीत कला विहार' हे मासिक निघू लागले. देवधरांनी त्यात थोर गवयांविषयी जे लिहिले ते पुढे ग्रंथरूपानेही आले, आणि ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. या देवधरांच्याच शाळेत बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा एक बालगायक शिकला व कुमार गंधर्व म्हणून प्रसिद्धीस आला, हे सीमाभागातील वाचकांना सांगावयास नकोच.

त्याच काळात पंडित भातखंडे दुसऱ्या मार्गाने जात होते. भातखंडे आमच्या व्यवसायातले, कायद्याचे पदवीधर. त्यांनी 1916 ची बडोद्याची परिषद, 1918 चे ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय, 1926 चे लखनौचे कॉलेज हे सारे राजेरजवाडे व सरकारदरबार यांच्या पाठबळावर उभे केले. संस्थाने गेली तरी त्या शाळा सरकारी आश्रयाने टिकल्या. मंडळाला असा आश्रयदाता मिळाला नाही. त्याचा आश्रयदाता म्हणजे परीक्षेची फी भरणारा विद्यार्थी.

येथेच त्याचे वैगुण्यही आहे. परीक्षेच्या फीवर चालणाऱ्या व्यवस्थेत परीक्षा हेच साध्य होऊन बसते. पंधरा रागांचे आरोह-अवरोह पाठ म्हणणारी, पण एकही राग दहा मिनिटे समाधानाने न गाणारी विशारद मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या आपल्या गोमंतकाच्या दोन थोर गायिका अल्लादियाखाँसाहेबांच्या कठोर तालमीतून घडल्या; तसली तालीम कोणत्याही अभ्यासक्रमात मावणारी नाही. पण मंडळाने गवई घडविण्याचा दावा केला होता काय? समजून ऐकणारा समाज निर्माण व्हावा, हा विष्णुबुवांचा हेतू होता, आणि त्या मापाने मोजले तर हिशेब निराळा निघतो.

आणखी एक गोष्ट देवळांशी निगडित असलेल्या आपल्या समाजाने मनावर घेण्यासारखी आहे. घरंदाज मुलींना गाणे शिकता यावे म्हणून विष्णुबुवांनी आणि त्यांच्या परंपरेने चिजांतील शृंगारिक शब्द काढून तेथे भक्तिपर शब्द घातले, वर्गाला प्रार्थनेचे व शिस्तीचे रूप दिले. त्यामुळे गाण्याला प्रतिष्ठा आली. परंतु ज्यांनी पिढ्यान्पिढ्या आमच्या मंगेशी-म्हार्दोळच्या परिसरात देवापुढे ते गाणे जिवंत ठेवले त्या कलावंत घराण्यांना ती प्रतिष्ठा त्याच वेळी मिळाली, असे मात्र म्हणवत नाही. त्यांना ती स्वतःच्या बळावर आणि संघटनेने मिळवावी लागली. आज आमच्या मुली ज्या अग्रशाळेत निर्धास्तपणे सा लावतात तेथे पूर्वी कोण गात असे, हे निदान माहीत तरी असावे.

आता आमच्या कज्जाकडे वळतो. निकालपत्रकांच्या बाडातच मिरजेच्या एका तंबोरेवाल्याची जुनी पावती सापडली. तीवर ना मास्तरांचे नाव होते ना देवीचे. नुसते 'गायन वर्ग' असे लिहिलेले होते. ज्याचे कायद्याने अस्तित्वच नाही अशा खरेदीदाराच्या नावची ती पावती पाहून मी प्रथम हसलो. मग मात्र तीच दोन्ही पक्षांपुढे ठेवली. बरीच बोलाचाली झाली. शेवटी हार्मोनियम व तबला मुलांनी घरी न्यावा, तंबोरे अग्रशाळेतच राहावेत, समितीने जागेचा लेखी ठराव करावा, आणि वर्गाची 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदणी करावी, असे ठरले. मास्तरांचीच एक विद्यार्थिनी आता रविवारी सकाळी शिकविते.

नोंदणीला निदान सात जणांच्या सह्या लागतात. सहा लवकर झाल्या. सातवी मास्तरांच्या धाकट्या मुलाने परवा येऊन केली. अर्जातील संस्थेच्या नावाची जागा अजून कोरी आहे. मुलींच्या आयांना मास्तरांचे नाव हवे आहे, समितीला देवीचे, आणि तो मुलगा म्हणतो की पावतीवर जे होते तेच असू द्यावे.