ठिपका एक की दोन?

मंडळी, रडार म्हटलं की डोळ्यांपुढे येतो हिरवा पडदा आणि त्यावर गरगर फिरणारी रेघ. पण विमान दिसणं हा सोपा भाग. खरी डोकेदुखी सुरू होते ती दोन रडारना विमान दिसलं की. हे एकच विमान, की दोन?

१९४० साली ब्रिटनमध्ये हे माणसं ठरवायची. किनाऱ्यावरची रडार स्टेशनं फोनवरून आकडे कळवत आणि लंडनजवळ बेंटली प्रायरीच्या ‘फिल्टर रूम’मध्ये मोठ्या नकाशावर सोंगट्या सरकत. त्या रडारचं अंतर बऱ्यापैकी बरोबर यायचं, दिशा मात्र चुकायची. मग दोन स्टेशनांपासूनच्या अंतरांचे कंस जिथे छेदतील तिथे विमान. शाळेतली कंपासपेटी आठवली ना? १९५८ पासून अमेरिकेत ‘सेज’ यंत्रणेत हे काम कॉम्प्युटरकडे गेलं.

कॉम्प्युटर आला म्हणून प्रश्न सुटला असं नाही. ताशी ९०० किमी वेगाचं विमान १० सेकंदांत अडीच किलोमीटर जातं. अँटेनाची एक फेरी तेवढ्या वेळाची असेल, आणि दुसरं रडार मधल्याच क्षणी बघत असेल, तर दोघांचे ठिपके जुळणार कसे? घड्याळं आणि उत्तर दिशा नीट लावली नाही तर एकाची दोन विमानं होतात. जुळवणी फार सैल ठेवली तर दोनाचं एक. दुसरी चूक जास्त वाईट, असं मला वाटतं.

आणि ठिपके जुळवणारं कोणी नसेल तर? २३ मार्च २००३ रोजी, इराक युद्धात, कुवेतला परतणारं ब्रिटिश टॉर्नेडो अमेरिकन पॅट्रिअट तुकडीने शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं. आतले दोघेही गेले. ब्रिटिश चौकशीत अनेक कारणं निघाली. त्यातलं एक म्हणजे ती तुकडी एकटीच काम करत होती आणि आभाळाचं मोठं चित्र तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

त्याच वर्षी अमेरिकेचं या भागातलं हवाई कारवाई केंद्र सौदीतून आपल्या अल उदैदला आलं. नागरी विमानांचं म्हणाल तर दोहाचं स्वतःचं हवाई क्षेत्र ८ सप्टेंबर २०२२ ला सुरू झालं. तोपर्यंत ते बहरीनकडे होतं.

२३ जून २०२५ च्या संध्याकाळी इराणची क्षेपणास्त्रं अल उदैदवर आली, तेव्हा आपण बाल्कनीतून नुसते स्फोट मोजत होतो. दरेकाचा आकडा वेगळा! कतारने अधिकृत आकडा दिला १९. त्यातलं एक तळावर पडलं, जीवितहानी झाली नाही.