फेरपाहणीचा विसर

हडपसरच्या मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस एक निर्णय घेतला. पुणे शहर सोलापूर रस्त्याने सरकत त्यांच्या बांधापर्यंत आले होते आणि जमीन आज ना उद्या जाणार हे दिसत होते. तुकड्या-तुकड्याने ती बिल्डरांना विकण्याऐवजी त्यांनी सुमारे ४०० एकर एकत्र केले, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी उभी केली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग असा हिशेब ठेवला. कालपर्यंत ऊस आणि भाजीपाला करणाऱ्या घरांतली मुले बांधकाम साहित्याचा पुरवठा, देखभाल आणि सेवा यांची कंत्राटे घेऊ लागली. मालकी, भांडवल, परस्परांवरचा विश्वास, नवे कौशल्य शिकणे, नेतृत्व: व्यवस्थापनशास्त्राच्या पीएच.डी.साठी लागेल ते सगळे या एका गावात आहे. व्यवस्थापनाच्या शिक्षणसंस्थाही याच हडपसरमध्ये आहेत. तरीही असे काही अभ्यासायचे तर काय पाहावे, कोणाला काय विचारावे, उत्तर खरे कसे ठरवावे, हे संशोधक विद्यार्थ्याला कुठे शिकायला मिळते? हा प्रश्न नवा वाटतो, पण पुण्यापुरता तो शंभर वर्षांहून जुना आहे. या शहराने त्याचे एक चांगले उत्तर शोधले होते: पाहणी करायची, आणि काही वर्षांनी पुन्हा तिथेच जाऊन फेरपाहणी करायची. व्यवस्थापनाच्या पीएच.डी.चे प्रशिक्षण उभारताना त्या रीतीचा पहिला भाग अर्धामुर्धा उचलला गेला आणि दुसरा पार विसरला गेला, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात शेतीपासून होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. हडपसरलगतच्या मांजरीच्या सरकारी शेतावर तेव्हा उसाचे प्रयोग चालत. आज त्याच परिसरात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. पण मातीच्या आणि खताच्या परीक्षणातून शेतकऱ्याची अवस्था उलगडत नाही हे मॅन यांना जाणवले आणि त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे एकच गाव घेऊन त्याची घर-घर, शेत-शेत पाहणी केली. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातला एक आकडा पुढे देशभर वापरला गेला: १७७१ साली गावात एका धारणेचे सरासरी क्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. या आकड्यामागची कारागिरी पाहण्यासारखी आहे. एका टोकाला पेशवाईतली जुनी कागदपत्रे, दुसऱ्या टोकाला प्रत्यक्ष बांधावर जाऊन घेतलेली नोंद, आणि दोन्ही एकाच मापाने मोजण्याची काळजी. दप्तर आणि शिवार या दोहोंना एकमेकांसमोर साक्षीला उभे करणे, ही संशोधनाची पहिली शिस्त पुण्याच्या परिसरात अशी रुजली. पुढे त्याच पिंपळे सौदागरची फेरपाहणी पु. दि. डिसकळकर यांनी केली आणि ती १९६० साली प्रसिद्ध झाली.

या शिस्तीला संस्थेचे घर मिळाले १९३० मध्ये. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून आणि भारत सेवक समाजाच्या आधाराने गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. गाडगीळांनी केंब्रिजमध्ये लिहिलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा प्रबंध १९२४ सालीच ग्रंथरूपाने आला होता. म्हणजे ग्रंथालयात बसून करायचे संशोधन त्यांना उत्तम येत होते. तरीही पुण्यात त्यांनी हाती घेतलेल्या सुरुवातीच्या पाहण्या बाजारात आणि मोटार स्टँडवर नेणाऱ्या होत्या. १९३३ साली पुण्यातल्या फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली, १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची. फळ बागेतून गिऱ्हाइकापर्यंत कोणाच्या हातातून जाते, प्रत्येक हाताला किती सुटते. गाडीचा खर्च कसा येतो, मार्ग आणि भाडे कसे ठरते. आज ज्याला पुरवठा साखळी किंवा विपणन म्हणतात त्याच गोष्टी या पाहण्यांत आहेत, आणि त्या ‘व्यवस्थापनशास्त्र’ हे नाव पुण्यात येण्याच्या तीस-पस्तीस वर्षे आधीच्या आहेत. पाहणी हे एकट्याचे काम नसते. प्रश्नावली बनवायची, अन्वेषकांना तयार करायचे, भरून आलेले तक्ते तपासायचे, विसंगत उत्तर दिसले तर माणसाला परत पाठवायचे, मग कोष्टके मांडायची. तरुण संशोधक या कामात शिरला की ही कौशल्ये वेगळा तास न घेताही त्याच्या अंगवळणी पडत.

पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हे या परंपरेचे मोठे काम. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि समाजशास्त्रीय भाग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्था तिथे थांबली नाही. सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी शहराची फेरपाहणी केली आणि रोजगार व मिळकतीचे रूप कसे बदलले ते १९५६ साली मांडले. मध्ये महायुद्ध, फाळणी आणि स्वातंत्र्य येऊन गेले होते. पहिली पाहणी नसती तर त्या बदलाला माप नसते, आणि दुसरी नसती तर पहिली केवळ एक जुना अहवाल होऊन पडली असती. याच वातावरणात अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लॅम्बर्ट यांनी पुण्यातल्या पाच कारखान्यांच्या कामगारांचा अभ्यास केला, तो १९६३ साली ग्रंथरूपात आला. खेड्यातून आलेला कामगार कारखान्यात टिकत नाही, हा त्या काळचा सर्वमान्य समज होता. पुण्याच्या पुराव्याने त्याला बळ दिले नाही. मिळालेली नोकरी कामगार सहजी सोडत नसे. ठाम समज आणि मोजलेली वस्तुस्थिती यांत फरक असू शकतो, हे संशोधकाने शिकायचे असते. ते पुस्तकात वाचून कळते, पण पटते स्वतः मोजल्यावर.

त्यानंतर व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला आणि पुण्यात तो झपाट्याने रुजला. हडपसरमध्ये १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक, १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट; शेजारच्या मुंढव्यात भारत फोर्ज. कारखाने आले तशी व्यवस्थापक घडवण्याची गरज आली. १९६६ साली टाटांचे व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्र, १९६७ साली सहकारी क्षेत्रासाठी वैकुंठ मेहता संस्था, १९७१ साली पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग. मुंबईत १९६९ साली निघालेली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थाही पुढे हडपसरजवळच्या कोंढव्यात आली. यांतल्या बहुतेकांचे पहिले काम अधिकारी तयार करणे हे होते, संशोधक घडवणे नव्हे. अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएमनी १९७१ मध्ये फेलो कार्यक्रम सुरू करून आधी अभ्यासक्रम, मग परीक्षा, मग प्रबंध अशी रचना आणली. विद्यापीठांत मात्र पीएच.डी. म्हणजे एक मार्गदर्शक आणि एक विद्यार्थी एवढेच नाते राहिले. मार्गदर्शक तयारीचा असेल तर विद्यार्थी शिकला, नसेल तर त्याने कुणाच्या तरी प्रबंधावरून प्रकरणांचा साचा घेतला. गोखले संस्थेतली सामूहिक पाहणी व्यवस्थापनाच्या विभागांत पोहोचली नाही. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत १९८१ साली सुरू झालेल्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्रात मात्र वेगवेगळ्या विद्याशाखांचे लोक एका प्रश्नावर एकत्र काम करत होते. भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याची तिथली कल्पना वर्षानुवर्षे सुधारत गेली आणि २००९ साली ‘टाटा स्वच्छ’ या स्वस्त गाळणीच्या रूपाने घरोघरी गेली. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात जी सामूहिक रीत टिकली, ती व्यवस्थापनाच्या संशोधनात का टिकू नये?

उणीव सरकारलाही दिसत होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांत पीएच.डी.साठी किमान एका सत्राचे कोर्सवर्क सक्तीचे केले आणि त्यात संशोधनपद्धती घातली. हे पाऊल योग्यच होते. पण पुढच्याच वर्षी प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आली, शोधनिबंधांची संख्या मोजली जाऊ लागली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. त्यांचे निदानही पुण्यातच झाले. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतून विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली. ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकांची नावे नाहीत, कुठे खोटे क्रमांक. आयोगाने त्या वर्षी हजारो नियतकालिके यादीतून काढली आणि २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला आवश्यक केला. ही छाननीसुद्धा एक पाहणीच होती: नमुना निवडला, निकष आधी ठरवले, एकेक नोंद तपासली. म्हणजे आजार मोजण्याची जी रीत या शहराने वापरली, तीच रीत विद्यार्थ्यांना वेळेवर शिकवली असती तर आजार इतका पसरला नसता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जुन्या गोखले संस्थेत मूठभर निवडक लोक शिकत. आज एका विद्यापीठात शेकड्यांनी विद्यार्थी असताना ती शागिर्दी परवडणार कशी? शिवाय कोर्सवर्कमुळे, मार्गदर्शकाच्या मर्जीवर अवलंबून असलेले ज्ञान सर्वांना समान मिळू लागले, हे कमी आहे का? कमी मुळीच नाही. ज्याच्या घरात कोणी पदवीधर नाही त्या विद्यार्थ्यासाठी संख्याशास्त्राचा नीट शिकवलेला तास हा आधार आहे आणि तो काढून घेण्याच्या मी विरोधात आहे. पण संख्येचा आक्षेप उलट पाहणीच्या बाजूने जातो. पाहणीला माणसे लागतातच. वीस विद्यार्थ्यांनी वीस सुटे विषय घेऊन प्रत्येकी शंभर प्रश्नावल्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून भरून घेण्यापेक्षा, त्यांनी एका आराखड्याखाली दोन हजार नोंदी काळजीपूर्वक गोळा केल्या तर प्रत्येकाला आपल्या प्रबंधाला पुरेल असा भाग मिळतो आणि सर्वांना एकमेकांच्या चुका दिसतात. कोर्सवर्कमध्ये शिकलेली नमुनानिवड तिथे पहिल्यांदा कसाला लागते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: कंपन्या आकडे देत नाहीत. ही अडचण खरी आहे, पण ती पूर्वीही होती. फळबाजारातल्या अडत्याने तरी आपली वही आनंदाने कुठे उघडली असेल? गाडगीळांच्या पिढीने तीच गोष्ट दोन-तीन बाजूंनी विचारून, दुसऱ्या नोंदींशी पडताळून घेण्याचा मार्ग धरला. शिवाय व्यवस्थापन फक्त ताळेबंदात नसते. सोलापूर रस्त्यावरचा भाजीबाजार, वसाहतीतले छोटे वर्कशॉप, आयटी पार्कमध्ये जेवण आणि साफसफाई पुरवणारे ठेकेदार यांच्या अभ्यासाला कोणत्याही संचालक मंडळाची परवानगी लागत नाही. तिसरा आक्षेप नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्यांचा असतो: वेळ नाही. २०२२ च्या विनियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला वाट दिली आहे. याच विनियमांनी अध्यापन आणि लेखन यांचे प्रशिक्षण प्रत्येक संशोधकासाठी आवश्यक ठरवले, म्हणजे व्यावसायिक विकास आता मर्जीचा विषय राहिलेला नाही. नोकरदार संशोधकाचे क्षेत्र तर त्याच्या रोजच्या कामाच्या जागीच असते. त्याला शिकवायचे ते एवढेच की आपल्याच जागेकडे परक्यासारखे कसे पाहावे, सहकाऱ्याचा विश्वास न मोडता त्याचे म्हणणे कसे नोंदवावे, आणि वरिष्ठांना न आवडणारा निष्कर्ष कसा जपावा.

राहतो तो फेरपाहणीचा प्रश्न, आणि खरी हानी तिथेच झाली आहे. आज प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढवले जातात, पण एका प्रबंधाचे निष्कर्ष दहा वर्षांनी त्याच जागी जाऊन पुन्हा तपासणे हा विषय ‘नवा नाही’ म्हणून समितीत नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त. नवेपणाची ही कल्पना चुकीची आहे. पिंपळे सौदागरचे ७ एकर अर्थपूर्ण ठरले ते १७७१ च्या ४० एकरांमुळे. ज्ञान साठते ते मागच्याच्या मापावर पुढच्याने माप ठेवल्याने. मगरपट्ट्याच्या भागधारक कुटुंबांची दुसरी पिढी आता हाती धुरा घेते आहे. भाग कोणाकडे राहिले, कंत्राटे कोणाची टिकली, शेती सोडलेल्या बायकांच्या हातात काय आले, हे आज नीट मोजून ठेवले आणि प्रश्नावली, व्याख्या, नोंदी पुढच्यांना वापरता येतील अशा जपल्या, तर २०४० सालच्या संशोधकाला हडपसरबद्दल सगळे नव्याने विचारावे लागणार नाही. पुढचा प्रश्न विचारता येईल. हडपसर आणि परिसरातल्या व्यवस्थापन संस्थांनी मिळून अशी एक पाहणी हाती घ्यावी, प्रत्येक नव्या पीएच.डी. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी तिच्यात अन्वेषक म्हणून काम करावे आणि दर दहा वर्षांनी फेरपाहणी व्हावी. पुण्याने हे एकदा करून दाखवले आहे, तेही आजच्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत आणि माणसांत.